पाटी बदलली, पण आत कोण आहे?

शिरोली एमआयडीसीत संध्याकाळची पाळी सुटली की फौंड्रीतली माणसे चहाच्या टपरीवर जमतात. अंगावरची काळी वाळू झटकायचीही उसंत नसते. थकीत पगार, फंड, अपघाताची भरपाई अशा तक्रारींच्या निमित्ताने माझे तिथे नेहमी जाणे-येणे असते. एका टपरीत टीव्ही आहे. परवा फेटलिंगमध्ये काम करणारे एक वयस्क काका टपरीवाल्याला म्हणाले, "ई टीव्ही लाव की रं." शेजारची पोरं हसली. "काका, ई टीव्ही जाऊन धा वर्सं झाली. आता कलर्स म्हणायचं!" काका शांतपणे म्हणाले, "पाटी बदलली म्हणून आतला माल बदलतोय व्हय? माझ्या ठेकेदारानं तीनदा पाटी बदलली. मी हाय तिथंच हाय."

या बोलण्यात मोठा प्रश्न दडलेला आहे. वाहिनीचे नाव बदलते तेव्हा नेमके काय बदलते आणि ते कोणासाठी बदलते?

मराठी वाहिन्यांचा इतिहास पाहा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९९४ साली दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी आली. तिला डीडी-१० असे कोरडे नाव होते. २००० साली तिचे 'सह्याद्री' झाले. नाव या मातीतले होते. पण खासगी वाहिन्यांचा प्रवास नेमका उलटा झाला. १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झालेली 'अल्फा मराठी' २००५ मध्ये 'झी मराठी' झाली. रामोजी राव यांच्या ईनाडू समूहाने जुलै २००० मध्ये 'ई टीव्ही मराठी' आणली. पुढे ती रिलायन्सच्या छत्राखालील समूहाकडे गेली आणि मार्च २०१५ मध्ये 'कलर्स मराठी' झाली. त्याच वर्षी कन्नड, बंगाली, गुजराती आणि ओडिया ई टीव्हीवरही हीच पाटी लागली. पाच भाषांना एकच नाव मिळाले! २००७ साली आलेली 'स्टार माझा' जून २०१२ मध्ये 'एबीपी माझा' झाली, कारण स्टार आणि आनंद बझार पत्रिका समूहाची भागीदारी संपली होती. प्रेक्षकाला तोंडपाठ झालेला 'माझा' तेवढा शिल्लक ठेवला गेला.

यातल्या प्रत्येक नामांतराचे कारण शोधा. कुठे मालक बदलला, कुठे भागीदार फुटले, कुठे सर्व भाषांत एकच छाप हवी होती. प्रेक्षकाची मागणी होती म्हणून नाव बदलले, असे एकही उदाहरण यात सापडत नाही. नाव वा बोधचिन्ह बदलायचे तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. प्रेक्षकाची परवानगी मात्र कोणीच मागत नाही.

हे फक्त आपल्याकडेच चालते असे नाही. ब्रिटनमध्ये 'यूकेटीव्ही जी-टू' नावाची एक डिजिटल वाहिनी होती. ऑक्टोबर २००७ मध्ये तिचे नाव चक्क 'डेव्ह' ठेवले गेले. डेव्ह नावाचा एखादा मित्र प्रत्येकालाच असतो, हा त्यामागचा युक्तिवाद! कार्यक्रम बरेचसे जुनेच, पुन्हा दाखवलेले. वाहिनी गाजली आणि श्रेय नावाला मिळाले. पण त्याच दिवशी ती मोफत डिजिटल सेवेवरही आली आणि वर्गणी न भरणाऱ्या लाखो घरांत पोचली, हे फारसे कोणी सांगत नाही. २०२४ मध्ये त्या समूहाने आपल्या मोफत वाहिन्यांना 'यू' हे एक अक्षर जोडले. 'यू' म्हणजे तुम्ही. तुम्हाला न विचारता तुमचेच नाव लावायचे, ही बाजाराची जुनी कला आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. पाटी तशीच राहते आणि मालक एक होतो, तेव्हा तर कोणाच्या लक्षातही येत नाही. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्सच्या वायकॉम-१८ चा माध्यम व्यवसाय आणि डिस्नेचा स्टार इंडिया यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. 'स्टार प्रवाह' आणि 'कलर्स मराठी' एकाच घरच्या झाल्या. टपरीवरचा माणूस मात्र बटण दाबतो आणि समजतो, आपण दुसरीकडे गेलो.

काकांच्या ठेकेदाराची गोष्ट वकील म्हणून मला इथे आठवते. कंपनीने नाव बदलले म्हणून तिची देणी बुडत नाहीत. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम २३ मध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते आणि आजही तत्त्व तेच आहे. म्हणूनच हुशार ठेकेदार नाव बदलत नाही, तो नवी फर्म काढतो. गेट तेच, सुपरवायझर तोच, हातोडा तोच. कागदावर मालक नवा. ग्रॅच्युइटी मागायला गेलो की उत्तर मिळते, 'आमच्याकडे यांची दोनच वर्षे झाली.' काकांच्या ट्रंकेत तीन नावांचे तीन गेटपास आहेत. माझी सारी लढाई ही तिन्ही नावे म्हणजे एकच मालक, हे सिद्ध करण्याची आहे.

वाहिन्यांकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. अल्फा आणि ई टीव्हीवर मालिकांबरोबर बातम्याही असत. मालिकेसाठी बसलेल्या घरात जिल्ह्याची बातमी आपोआप पोचत असे. पुढे बातम्यांच्या वाहिन्या वेगळ्या झाल्या आणि करमणुकीच्या वाहिन्या निव्वळ करमणुकीच्या उरल्या. हा बदल नावाच्या बदलापेक्षा कितीतरी मोठा होता. पण त्याची जाहिरात झाली नाही. आणि बातमी ठरवणाऱ्या खुर्चीत कोण बसले आहे? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी २०१९ साली इंग्रजी-हिंदी माध्यमांची पाहणी केली. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातीचा एकही माणूस नव्हता. ती पाहणी मराठीची नव्हती. मग मराठी वाहिन्यांनी आपले आकडे स्वतःहून जाहीर करावेत. हरकत कसली?

नावाचे मोल आम्हाला कोणी शिकवायला नको. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत माणसे मारली गेली, वस्त्या जळाल्या. एका नावासाठी समाजाने रक्त दिले, आणि इथे संचालक मंडळाच्या एका बैठकीत नाव येते आणि जाते!

याच हातकणंगले तालुक्यात, शिरोलीपासून फार दूर नसलेल्या माणगावात, मार्च १९२० मध्ये परिषद भरली. शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचा नेता म्हणून गौरवले. त्याआधी ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाले होते. त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत', मग 'समता', मग 'जनता' निघाले. १९५६ साली 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले. मुका, बहिष्कृत, मग प्रबुद्ध! ज्याच्यासाठी पत्र निघत होते तो माणूस आतून बदलत होता. नाव त्याच्या मागून आले.

समाजबांधवांनो, २०१९ सालीच 'स्टार प्रवाह'वर बाबासाहेबांच्या जीवनावर मालिका आली आणि घराघरांत पाहिली गेली. तिचे स्वागतच केले पाहिजे. पण मालिका संपल्यावर त्या पडद्यावर आपली वस्ती किती उरली, हेही मोजले पाहिजे. नागपूरहून लॉर्ड बुद्धा, आवाज इंडिया यांसारख्या वाहिन्या उभ्या राहिल्या, याचा अभिमान आहे. तरीही नावात बुद्ध आहे म्हणून परीक्षेतून सूट नको. खर्च कोण करतो, निर्णय कोण घेतो, कामगाराची आणि बाईची गोष्ट तिथे किती येते, हे प्रश्न आपल्या वाहिन्यांनाही लागू आहेत.

२०१९ पासून वाहिन्या एकेक निवडून त्यांचे पैसे मोजण्याची सोय आहे. प्रत्येक शाखेने एका बैठकीत आपल्या घरांतल्या वाहिन्यांची यादी करावी. प्रत्येक नावापुढे तिचा मालक लिहावा आणि महिनाभर आपल्या प्रश्नांना तिथे किती वेळ मिळाला याची वही ठेवावी. काकांनी तीन गेटपास जपून ठेवले, म्हणून आज त्यांचा दावा उभा राहू शकतो. आपल्याकडेही असा पुरावा हवा. पुढची पाटी लागेल तेव्हा तो कामाला येईल.