सायकल घ्या, पण अंगाबरोबरची!

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाजार समितीत कारकून असलेले एक गृहस्थ रक्तातील साखर वाढली म्हणून माझ्याकडे आले. वय ४६, पोट सुटलेले, दिवसभर बैठे काम. घर ते कचेरी जेमतेम ३ किलोमीटर, पण तेवढ्यासाठीही मोटारसायकल. मी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हटले, "उद्यापासून सायकलवर जात जा." त्यांनी मान डोलावली.

तीन आठवड्यांनी ते लंगडतच आले. दोन्ही गुडघे दुखत होते, मान अवघडली होती. सायकल आठ दिवसांपासून व्हरांड्यात उभी होती आणि तिच्यावर कपडे वाळत होते. "डॉक्टरसाहेब, साडेनऊ हजार घातले हो. पतसंस्थेतून उचल घेतली. घरात रोज ऐकून घ्यावे लागते," ते म्हणाले. साखर होती तिथेच होती.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. गोळी लिहून देताना किती आणि कधी घ्यायची ते मी सांगतो. सायकल सांगताना कोणती आणि कशी, हे काहीच सांगितले नव्हते. ती उणीव आज या सदरातून भरून काढतो.

सायकल चालवण्याचा फायदा पक्का आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे सुमारे ३० हजार लोकांची अनेक वर्षे पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. कामावर सायकलने न जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त आढळले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. रोज कचेरीत जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटे सायकल चालवली, तर पाच दिवसांत हा हिशेब पुरा होतो. शिवाय शरीराचा बराचसा भार सीटवर राहत असल्याने चालण्यापेक्षा गुडघ्यांवर ताण कमी येतो. अर्थात, सायकल मापाची असेल तरच!

माप असे पाहा

दुकानात गेल्यावर आधी रंग आणि गिअर पाहू नका. सायकलची दांडी दोन पायांत घेऊन, चपला-बूट घालून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून उभे राहा. दांडी आणि जांघ यांच्यात एक-दोन इंच जागा राहिली पाहिजे. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकली बहुधा २२ आणि २४ इंची फ्रेमच्या येतात. मध्यम उंचीच्या माणसाला २२ इंची बरी, २४ इंची उंच माणसाला. साडी नेसणाऱ्या भगिनींनी वाकड्या दांडीची लेडीज सायकल घ्यावी.

मग सीटची उंची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. आपले लोक पाय टेकावेत म्हणून सीट पार खाली दाबतात. त्यामुळे गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येऊन दुखू लागतो. आमच्या कारकूनसाहेबांचे नेमके हेच झाले होते. फ्रेम मोठी, म्हणून सीट दाबलेली. हँडल लांब, म्हणून मान ताणलेली.

सीट शक्यतो सपाट ठेवा. तिचे टोक वर असेल, तर जांघेत मुंग्या येतात.

थोड्या पैशांत काय घ्यावे?

सपाट रस्त्यावर पाच-सात किलोमीटर जाणाऱ्याला गिअरची गरज नाही. घाट किंवा मोठा चढ रोजचा असेल, तरच त्यांचा विचार करावा. स्वस्त सायकलीचे शॉकअब्सॉर्बर वजन वाढवतात आणि पायांची बरीच ताकद खातात. स्वस्त गिअर सारखे बिघडतात. साध्या सायकलचा प्रत्येक भाग मात्र तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो. तिचा एक दोष लक्षात ठेवा. लोखंडी रिम पावसात भिजली की ब्रेक लवकर लागत नाही. पावसाळ्यात वेग कमी ठेवा आणि ब्रेक आधीपासून दाबा.

जुनी सायकल घ्यायलाही हरकत नाही. फक्त पाच गोष्टी तपासा. चाक उचलून फिरवा, ते डावी-उजवीकडे डुलता कामा नये. पुढचा चिमटा आणि फ्रेमचे सांधे निरखा, तडा किंवा संशयास्पद नवा रंग दिसला तर परत फिरा. क्रँक हातात धरून हलवा, खडखडली तर छर्रे झिजलेले असू शकतात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक जागीच अडले पाहिजे. टायरच्या कडांना भेगा आहेत का पाहा. फ्रेमवरचा नंबर लिहून विकणाऱ्याची सही घ्यायला विसरू नका, चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

हातात तीन हजार असतील तर सगळे सायकलीत घालू नका. पाच-सातशे रुपये टायर-ट्यूब, कुलूप, मागचा लाल रिफ्लेक्टर आणि दिवा यांसाठी राखून ठेवा. जमल्यास हेल्मेटही घ्यावे. हवा आठवड्याला तपासा. हवा कमी असली की सायकल जड जाते, आणि जड गेलेली सायकल घरीच राहते.

मुलांसाठी घेताना "वाढत्या अंगाची" घेऊ नका. ज्या सायकलवरून मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, ती त्याला पाडणारच.

सुरुवात बेताने

पहिला आठवडा दहा मिनिटेच चालवा. शेजारच्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम सुटून हात थरथरू लागले तर लगेच उतरून ती खावी. छातीत दाटले, दुखले किंवा चक्कर आली तर थांबा आणि तडक डॉक्टर गाठा. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

कारकूनसाहेबांनी ती सायकल साडेसहा हजारांना विकून टाकली आणि उचलीतले तेवढे पैसे फेडले. मग अठराशे रुपयांना एक जुनी २२ इंची काळी सायकल घेतली. सातशे रुपयांत टायर, ब्रेकचे रबर आणि ओव्हरहॉलिंग झाले. सीट मी स्वतः उभे राहून लावून घेतली. परवा त्यांचा तपासणीचा कागद आला. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४ वरून ७.३ वर आली आहे. गोळ्या आणि जेवणातले पथ्य यांचाही त्यात वाटा आहेच. पण गुडघे दुखत नाहीत आणि व्हरांड्यातली दोरी पुन्हा कपडे वाळवायच्या कामाला लागली आहे, असे ते सांगत होते.