आतडं थकलं, तर जेवायचं कसं?

घरात कुणी आजारी पडलं, दोन दिवस पोटात अन्न गेलं नाही, की शेजारच्या काकू हमखास सांगतात, "एक सलाईन लावून आणा, बघा कशी तरतरी येते!" तरतरी येते हे खरं, पण सलाईन म्हणजे जेवण नव्हे बरं का! साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत असतं ४.५ ग्रॅम मीठ. बाकी सगळं पाणी. पाच टक्के ग्लुकोजची तेवढीच बाटली घेतली, तर तिच्यात २५ ग्रॅम साखर. म्हणजे जेमतेम एका पोळीची ताकद! अशा बाटल्यांवर दिवस काढायचा, तर वीसेक बाटल्या लागतील. एवढं पाणी शरीराला झेपेल का? छे!

मग ज्याचं आतडंच काम करत नाही, त्यानं काय करायचं? मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं. अन्नातलं सत्त्व रक्तात जातं ते मुख्यतः तिथूनच. पण काही बाळांचं आतडं जन्मतःच अपुरं असतं. कुणाच्या आतड्याला पीळ पडतो, कुणाचा रक्तपुरवठा तुटतो आणि बराच भाग कापून काढावा लागतो. मग कितीही जेवा, अंगी लागतच नाही.

हे कोडं सुटलं अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात. १९६० च्या दशकात डॉ. स्टॅन्ली डड्रिक यांनी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांना फक्त शिरेतून अन्न दिलं, आणि पिल्लं चक्क छान वाढली! पुढे त्याच शहरात आतडं नीट न घडलेल्या एका तान्ह्या मुलीलाही असंच अन्न दिलं गेलं. तिचंही वजन वाढलं.

यातली युक्ती अशी. पाणी कमी ठेवायचं, तर साखरेचं द्रावण दाट हवं. पण दाट द्रावणानं हाताच्या बारीक शिरेची आग होते, ती सुजते. म्हणून मऊ नळीचं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नेऊन ठेवतात. तिथे रक्त इतक्या जोरात वाहतं, की द्रावण क्षणात पातळ होतं. पिशवीत साखर, प्रथिनांचे घटक, क्षार आणि जीवनसत्त्वं असतात. तेलाचे अतिबारीक थेंबही मिसळलेले असले, की पिशवी दुधासारखी पांढरी दिसते. खनिजं तर चिमूटभराहूनही कमी लागतात, पण ती विसरून चालत नाही. टोरांटोच्या डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांनी १९७७ साली दाखवलं, की शिरेतल्या अन्नावर जगणाऱ्या एका रुग्णाला क्रोमियम कमी पडल्यानं साखर पचेना आणि नसा दुखावल्या. क्रोमियम दिलं, आणि सुधारणा झाली!

१९७० च्या सुमारास काही रुग्ण हे अन्न घरीच घेऊ लागले. आज रात्री पंपाला पिशवी जोडून झोपायचं, १० ते १४ तासांनी नळी सोडवायची आणि दिवसा शाळेत किंवा कामाला जायचं, असं जगणारी माणसं जगात अनेक देशांत आहेत. आपल्याकडे मात्र त्यांची संख्या अजून फार थोडी आहे.

पण घरी नर्सबाई नसतात ना! आई, बाबा, ताई यांनाच सगळं शिकावं लागतं. यात सर्वांत मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे जंतू. तोंडातून गेलेल्या जंतूला पोटातलं आम्ल अडवतं. नळीतून शिरलेला जंतू थेट रक्तात! म्हणून हे नियम पाळायचे म्हणजे पाळायचेच:

• जागा पुसून स्वच्छ करायची. पंखा बंद, मांजर बाहेर. साबणानं हात नीट धुवायचे.

• पिशवी फ्रीजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची आणि सांगितलेल्या वेळेआधी बाहेर काढायची. नाव आणि तारीख वाचायची. गळती, कण किंवा वर तेलाचा थर दिसला, तर ती पिशवी वापरायची नाही.

• नळीचं तोंड दर वेळी जंतुनाशकानं घासून, वाळू द्यायचं.

• त्या नळीतून दुसरं काही, अगदी नेहमीचं औषधसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

• पंप मध्येच झटकन बंद करायचा नाही. रक्तातली साखर एकदम उतरू शकते. शेवटी वेग हळूहळू कमी करायचा.

• नळीजवळ कात्री न्यायची नाही. नळी फाटलीच, तर फाटलेली जागा आणि शरीर यांच्यामध्ये चिमटा लावायचा आणि दवाखाना गाठायचा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, पंप सुरू होताच हुडहुडी भरली, तर "सर्दीचा असेल, सकाळी बघू" असं म्हणायचं नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, तातडीनं हॉस्पिटल! रक्तातला जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. अशा वेळी घरातल्या एखाद्या सातवीतल्या मुलानं "आई, दादा थरथरतोय!" अशी हाक मारली, तरी एक जीव वाचू शकतो.

अशा एखाद्या मुलाशी तुमची गाठ पडली, तर त्याच्या नळीकडे टक लावून बघू नका, तिला हातही लावू नका. पण त्याला खेळायला जरूर बोलवा. डबा खायला बसताना त्याला टाळू नका. "तू थोडं खातोस का?" असं सरळ विचारा. कित्येकांना थोडं तोंडानं खायची परवानगी असते. आणि नसली, तरी डब्याबरोबर गप्पा असतातच की!