गेममधलं पात्र हसलं की विचित्र का वाटतं?

फोनचा फ्रंट कॅमेरा सुरू करा, व्हिडिओ रेकॉर्डिंग लावा आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून तीन शब्द म्हणा: मामा, बाबा, पापा. आता तो व्हिडिओ मित्राला दाखवा आणि कोणता शब्द कधी म्हटला ते विचारा. त्याची बहुतेक पंचाईत होईल. कारण म, ब आणि प, तिन्हींना ओठ सारखेच मिटतात.

आता 'की' आणि 'कू' म्हणून बघा. अक्षर तेच, क. पण 'कू' म्हणताना क उच्चारायच्या आधीच ओठांचा चंबू झालेला असतो. पुढे कोणता स्वर येणार, याची तयारी तोंडाने आधीच केलेली असते.

आपण हे दिवसभर करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पण गेममधल्या पात्राला बोलतं करायचं तर हे सगळं कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. आणि एवढं करूनही ते पात्र बाहुल्यासारखं दिसू शकतं. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

जुन्या गेममध्ये हा त्रास का नव्हता?

२००२ चा 'जीटीए व्हाइस सिटी' आठवा. त्यातल्या टॉमीचा चेहरा म्हणजे मोजक्या त्रिकोणांवर चिकटवलेलं चित्र. तरी कुणाला तो खटकला नाही, कारण हे कार्टून आहे हे आपण आधीच मान्य केलेलं असतं.

जपानी रोबोटिक्स तज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच याबद्दल लिहून ठेवलंय. रोबोट जसजसा माणसासारखा दिसायला लागतो, तसतसा तो आपल्याला जास्त आवडतो. पण अगदी हुबेहूब होण्याच्या थोडं अलीकडे ही आवड धाडकन खाली कोसळते आणि तो भीतीदायक वाटायला लागतो. आलेखातल्या या खड्ड्याला 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात.

आपला मेंदू चेहरे वाचण्यात फार तरबेज आहे. घरात पाऊल टाकताच आईचा चेहरा बघून आज ओरडा बसणार की नाही हे कळतं ना? तोच मेंदू गेममधला चेहराही तपासतो. चेहरा जितका खरा, तितकी त्याची तपासणी कडक.

चेहरा हलतो तरी कसा?

गेममधला चेहरा म्हणजे हजारो छोट्या त्रिकोणांची जाळी. या जाळीचे वेगवेगळे आकार आधीच बनवून ठेवतात: भुवया वर, डावा डोळा बंद, ओठांचे कोपरे वर, जबडा उघडा. यांना ब्लेंडशेप म्हणतात. प्रत्येकाला एक स्लायडर असतो, आपल्या फोनमधल्या ब्राइटनेससारखा. स्लायडर कमीजास्त केले की चेहऱ्यावर भाव येतात.

कोणते आकार बनवायचे, याचा आधार बहुतेक वेळा मानसशास्त्रातून येतो. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची एक यादीच तयार केली आणि प्रत्येक हालचालीला नंबर दिला. नंबर १२ म्हणजे ओठांचे कोपरे वर खेचणं. नंबर ६ म्हणजे गाल वर येऊन डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडणं. २००४ च्या 'हाफ-लाइफ २' या गेममधल्या चेहऱ्यांमागे याच यादीची कल्पना होती.

आता गंमत बघा. फोटोवाला "स्माइल प्लीज" म्हणतो तेव्हा आपण साधारण नंबर १२ करतो. मित्राने भन्नाट जोक मारला की १२ आणि ६ दोन्ही एकदम होतात. गेममधलं पात्र फक्त ओठांनी हसलं आणि डोळे तसेच राहिले, तर तुम्हाला हे नंबर माहीत नसले तरी मेंदू लगेच म्हणतो, "हा खोटं हसतोय."

मग सगळे स्लायडर नीट लावले की झालं? नाही. ॲपलच्या एआरकिटमध्ये चेहऱ्यासाठी असे ५२ आकार आहेत. त्यातले कुठलेही दोन एकत्र लावायचे तर १,३२६ जोड्या होतात. 'हसणं' आणि 'तोंड उघडणं' वेगवेगळे छान दिसतात, पण एकत्र लावले की ओठ भलतीकडेच ताणले जाऊ शकतात. अशा बिघडणाऱ्या जोड्या शोधून त्यांच्यासाठी दुरुस्तीचे वेगळे आकार बनवावे लागतात. तीन-तीन आकार एकत्र आले तर काय, ते तुम्हीच मोजा.

त्यात वेळेची बोंब. सिनेमातली एक फ्रेम बनवायला कॉम्प्युटरने कित्येक तास घेतले तरी चालतं. ६० एफपीएसच्या गेममध्ये एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चेहरा, केस, रस्ता, गाड्या, सावल्या, सगळं उरकायचं.

मग सरळ माणसाचाच चेहरा रेकॉर्ड करा की!

हे करून झालंय. २०११ मध्ये 'एल.ए. नॉयर' हा डिटेक्टिव्ह गेम आला. संशयिताच्या चेहऱ्याकडे बघून तो खरं बोलतोय की खोटं, हे खेळाडूने ओळखायचं होतं. म्हणजे चेहरा फसला असता तर गेमच फसला असता. म्हणून कलाकारांना खुर्चीवर बसवून चारही बाजूंनी ३२ कॅमेऱ्यांनी त्यांचे चेहरे टिपले. चेहरे आजही बघण्यासारखे आहेत. पण शरीराच्या हालचाली वेगळ्या रेकॉर्ड केल्या होत्या. त्यामुळे काही प्रसंगांत एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर ठेवल्यासारखं वाटतं. रागावलेल्या माणसाचे खांदे आणि मानही रागावतात. तिथे ती शांत होती.

पुढे कलाकाराच्या डोक्यावर हेल्मेट आणि त्यावर चेहऱ्यासमोर छोटा कॅमेरा, अशी पद्धत रुळली. चेहरा, आवाज आणि शरीर एकाच वेळी टिपता येऊ लागलं. निंजा थिअरीच्या 'हेलब्लेड' (२०१७) मध्ये सेनुआचं काम मेलिना युर्गेन्स यांनी असंच केलं. मुळात त्या कंपनीत व्हिडिओ एडिटर होत्या. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाला.

पण 'हेलब्लेड'मध्ये जवळजवळ सगळं लक्ष एकाच चेहऱ्यावर आहे. 'द विचर ३' सारख्या गेममध्ये कित्येक तासांचे संवाद आणि शेकडो पात्रं असतात. प्रत्येक वाक्य असं रेकॉर्ड करणं परवडत नाही. तिथे आधी सॉफ्टवेअर संवादावरून कच्चं ॲनिमेशन बनवतं आणि मग माणसं बसून ते सुधारतात. सुधारायला वेळ कमी पडला की कच्चंच पडद्यावर येतं.

मीम्सच्या पलीकडे

मार्च २०१७ मध्ये बायोवेअरचा 'मास इफेक्ट: अँड्रोमेडा' आला तेव्हा निर्जीव डोळ्यांच्या आणि भलत्याच वेळी हसणाऱ्या पात्रांच्या क्लिप इंटरनेटभर फिरल्या. मीम्सपर्यंत ठीक होतं. पण काही लोकांनी एका माजी महिला कर्मचाऱ्याला धरलं, "हिच्यामुळेच वाट लागली" असं ठरवलं आणि तिच्यावर ऑनलाइन अत्यंत घाणेरड्या शब्दांत तुटून पडले. शेवटी तिला टीमची प्रमुख म्हणणं चुकीचं आहे, असा खुलासा बायोवेअरला करावा लागला. एप्रिलमधल्या अपडेटने डोळे आणि लिप-सिंक बरेच सुधारलेही.

आपण वर जे पाहिलं त्यानंतर एक गोष्ट लक्षात येईल. आकार बनवणारे, रेकॉर्डिंग करणारे, सॉफ्टवेअर लिहिणारे, शेवटचा हात फिरवणारे, अशा कितीतरी लोकांच्या हातून तो चेहरा जातो. बिघडला तर एकट्या कुणाची चूक असणं जवळपास अशक्य.

आता मराठी बोलणारं पात्र कधी?

साधनं स्वस्त होतायत. २०१७ च्या आयफोन एक्सपासून फोनचा पुढचा कॅमेरा चेहऱ्यावर ३०,००० पेक्षा जास्त अदृश्य ठिपके टाकून त्याचा आकार मोजू शकतो. २०२३ मध्ये एपिक गेम्सने आयफोनवर रेकॉर्ड केलेल्या अभिनयावरून पात्राचा चेहरा हलवणारं 'मेटाह्यूमन ॲनिमेटर' आणलं. कॉलेजच्या पोरांची छोटी टीमही आता हे करून बघू शकते.

भाषेचं काम मात्र बाकी आहे. 'सायबरपंक २०७७' मध्ये १० भाषांसाठी वेगवेगळं लिप-सिंक आहे, म्हणजे भाषा बदलली की ओठही बदलतात. त्या दहांत एकही भारतीय भाषा नाही. 'कू' म्हणण्याआधी होणारा आपला चंबू अजून कुणीतरी शिकवायचाय.

तोवर पुढच्या कटसीनमध्ये तीन गोष्टी बघा: हसताना गाल वर येतात का, म-ब-प ला ओठ पूर्ण मिटतात का, आणि रागात मान ताठ होते का. कुठे गडबड आहे ते कमेंटमध्ये नक्की लिहा. गेमबद्दल लिहा, माणसांबद्दल नको.