फियाटच्या पंपाचा पडदा

उन्हाळ्यात खंबाटकी नाहीतर कसारा घाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट एकेकाळी हमखास दिसायच्या. चालक इंजिनाच्या अंगाला बसवलेल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळून वाट पाहत असायचा. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप पेट्रोल ओढू शकतो, वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. फडक्याने पंप निवला की गाडी मुकाट्याने पुढे निघायची.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७४ मध्ये तीच पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. एवढ्या वर्षांत बंपर बदलले, जाळी बदलली, पण पंपाचं तत्त्व तेच राहिलं. गॅरेजात त्याला एका कंपनीच्या नावावरून सरसकट ‘एसी पंप’ म्हणत, मग तो कुणीही बनवलेला असो. आत कापडावर रबर चढवलेला एक पडदा, म्हणजे डायफ्राम. इंजिनाचा कॅम फिरला की पडदा खाली ओढला जातो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल येतं. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग पडदा वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. दोन छोटे व्हॉल्व्ह त्याला उलट जाऊ देत नाहीत. विजेची तार नाही, सेन्सर नाही.

जुन्या गाडीचं घरी काय काय करता यायचं याचा विचार करताना मला हाच भाग आधी आठवतो. प्लग साफ करणं, पॉइंट घासणं हे सगळेच करत. पंप उघडायचा म्हणजे थोडी हिंमत लागे, आणि ती त्या काळच्या कितीतरी वाड्यांत, चाळींत आणि सोसायट्यांत होती. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत पडदा, व्हॉल्व्ह आणि गॅस्केटचं किट मिळे. अख्खा पंप बदलण्याची भाषा फार कमी ऐकू येई.

पडदा फाटल्याची लक्षणं घरातल्या बायकामुलांनाही ठाऊक असत. चढावर गाडी मार खाते, पंपाच्या खालच्या भोकातून थेंब गळतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येतो. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल थेट इंजिनात उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं कोरडी पडू लागतात. म्हणून पडद्याबरोबर ऑइल बदलायचं, ही अट होती. तीनशे रुपयांच्या ऑइलकडे बघून ती मोडणाऱ्यांनी पुढे इंजिनकाम करून घेतलं.

काम सुरू करायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावर, उघड्यावर, बॅटरीची तार काढून. आसपास विडी-काडी नाही. टाकीकडून येणारी नळी काढल्या काढल्या तिच्या तोंडात बोल्ट सारायचा. पंपाचे दोन नट सुटले की तो हातात येतो. त्याच्यामागची जाड बेकेलाइटची चकती आणि तिच्या दोन्ही अंगांची गॅस्केटं मात्र जपायची. ती चकती इंजिनाची आच अडवते, शिवाय पंपाच्या दांड्याला किती धाव मिळेल हेही तिच्यावर ठरतं. जाड गॅस्केट लावलं की धाव कमी होते, पेट्रोल कमी पडतं, आणि माणूस विनाकारण कार्बोरेटर खोलत बसतो.

पंपाचे दोन अर्धे वेगळे करण्याआधी दोघांवरून मिळून एक ओरखडा मारायचा, नाहीतर बसवताना नळ्यांची तोंडं भलतीकडे येतात. मग पडदा. एसी जातीच्या बऱ्याच पंपांत तो स्प्रिंगवर दाबून पाव फेरा फिरवला की आतल्या खाचेत अडकतो. आणि खरी मेख शेवटी आहे: वरचे स्क्रू आवळताना खालचा दांडा पूर्ण दाबून धरावा लागतो. पडदा पूर्ण ताणलेला असतानाच कडा पकडल्या गेल्या पाहिजेत. मोकळा ठेवून आवळला तर प्रत्येक हेलकाव्याला त्याच्या कडेवर ओढ बसते आणि नवा पडदा लवकर जातो. स्क्रूही समोरासमोरचे, थोडे थोडे. यासाठी चार हात लागत, म्हणून हे काम बहुधा बापलेकांचं किंवा दोघा शेजाऱ्यांचं असे. ही बारीक गोष्ट किटच्या पाकिटावर कधी छापलेली नसे. ती एकाने दुसऱ्याला दाखवली, म्हणून टिकली.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिलाही सुरुवातीला इंजिनावर चालणारा पंपच होता, पण बाजारात हळूहळू कडा दाबून कायमचे बंद केलेले पंप वाढले. ते उघडत नाहीत, बदलावे लागतात. २००० च्या सुमाराला कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं आणि पंप विजेवर चालू लागून थेट पेट्रोलच्या टाकीत गेला. जुन्या पंपाचा दाब एका बारच्या पाव हिश्शाच्या आसपास; इंजेक्शनच्या गाडीत तो बहुधा तीन बारच्या घरात. ती नळी तशीच सोडली तर पेट्रोलची चिळकांडी उडते, त्यामुळे आधी दाब उतरवावा लागतो. प्रदूषण आणि सुरुवातीचा खोळंबा कमी झाला, हा फायदा मोठाच आहे. पण पंप टाकीत गेला तसा तो मालकाच्या हाताबाहेरही गेला, याची मला मनापासून चुटपुट वाटते.

मुंबईच्या टॅक्सींचं निराळंच झालं. त्या सीएनजीवर गेल्या आणि पेट्रोलची बाजू फारशी वापरात राहिली नाही. पेट्रोल न लागलेला पडदा सुकून कडक होतो. न वापरल्यानेही भाग मरतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून हटल्या.

खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि त्यांच्या पंपापुढे नवा प्रश्न आहे तो पेट्रोलचाच. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये सुरुवात झाली, २०२२ मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर आलं आणि २०२५ मध्ये वीसवर. उसाच्या महाराष्ट्राला त्याचं महत्त्व सांगायला नको. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या टाकीतला गाळ सैल करतं आणि साध्या रबराला फुगवतं किंवा चिरा पाडतं. पंपाच्या झाकणाखालची जाळी पूर्वीपेक्षा वरचेवर धुवावी लागते ती यामुळे.

म्हणून आज दुकानात नुसतं ‘फियाटचं किट’ मागून भागत नाही. रबर कुठलं आहे हे विचारायचं. व्हिटॉनसारखं इथेनॉल सोसणारं असेल तर पैसे जास्त देऊन तेच घ्यायचं. वर्षानुवर्षं फळीवर पडलेला जुना पडदा, पाकिटावर मूळ कंपनीचं नाव असलं तरी, परत करायचा. टाकीपासून पंपापर्यंतचे आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी तुकडेही त्याच दिवशी बदलायचे, कारण पडद्याला जे पेट्रोल खातं तेच त्यांनाही खातं. आणि दुकानदाराने नवा बंद पंप पुढे केला, तरी जुन्या पंपाचा सांगाडा भंगारात घालू नये. त्याच्या कडा सपाट असतील, दांडा झिजलेला नसेल, तर त्यात अजून कितीतरी पडदे बसतील.