मोजणीबाहेरचा प्रेक्षक

झुमरीतलैया हे गाव नकाशावर दाखवा असे म्हटले, तर बहुतेकांची पंचाईत होईल. तथापि रेडिओवर वाढलेल्या पिढीतील क्वचितच कोणी असा असेल, की ज्याने ते नाव ऐकले नाही. आज झारखंडात असलेल्या, अभ्रकाच्या खाणींच्या या लहानशा गावातून रेडिओ सिलोन आणि विविधभारती यांच्याकडे गाण्यांच्या फर्माइशींची इतकी पत्रे जात, की निवेदकांच्या तोंडून त्या गावाचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. मराठी श्रोत्यांना आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये हाच अनुभव येई. गाण्याआधी फर्माइश करणाऱ्यांची नावे गावांसह वाचली जात, आणि आपले नाव ऐकण्यासाठी घरातील मंडळी संचाभोवती गोळा होत. पुढे ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली, तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत आणि प्रेक्षक लाखोंच्या संख्येने पत्रे लिहून आपले म्हणणे कळवीत. त्या पत्रांचा पुढे अभ्यासकांनी अभ्यासही केला. पोस्टकार्ड स्वस्त होते आणि त्यावर नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असे. मत कोणाचे आहे हे मत वाचणाऱ्याला कळत असे.

वाशीम जिल्ह्यातील प्रेक्षकाचे आज जे झाले आहे, ते समजण्यासाठी हे स्मरण उपयोगी पडावे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १२ लाखांच्या जवळ, आणि त्यांतील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहणारी. सोयाबीन आणि तूर यांवर चालणारे अर्थकारण. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत वाशीमचा समावेश झाला. अशा जिल्ह्यात ओटीटीवरील मालिका म्हणजे शहरी चैन, असा समज कोणी बाळगून असेल, तर त्याने तो सोडावा. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आले, ॲमेझॉनचे प्राइम व्हिडिओ त्याच वर्षीच्या डिसेंबरात. आणि या दोहोंच्या मध्ये, सप्टेंबरात, जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेटचे दर कोसळले. नेटफ्लिक्सने केवळ मोबाइलवर पाहण्याचा मासिक दर डिसेंबर २०२१ मध्ये १९९ रुपयांवरून १४९ रुपयांवर आणला. २०२४-२५ च्या हंगामातील सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये धरला, तर ही रक्कम सुमारे तीन किलो सोयाबीनची होते. (हमीभाव हाती पडला तर, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.) पण बहुतेकांना तेवढेही वेगळे मोजावे लागत नाहीत, मोबाइलच्या रिचार्जबरोबर एखादी ओटीटी सेवा आपोआप येते, काही सेवा जाहिरातींच्या बळावर फुकट चालतात आणि उरलेले काम टेलिग्रामवरच्या चोरीच्या प्रती करतात.

म्हणजे हा प्रेक्षक पाहतो आहे, आणि भरपूर पाहतो आहे. त्याला मते नाहीत असेही नाही. बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर, शिक्षकांच्या खोलीत, तहसील कचेरीच्या मधल्या सुट्टीत जी चर्चा चालते, ती ऐकणाऱ्याला मतांचा तुटवडा जाणवणार नाही. ‘पंचायत’ ही २०२० पासून आलेली मालिका उत्तर प्रदेशातील फुलेरा गावाची असली, तरी ग्रामसेवकाला आणि पंचायत समितीच्या लिपिकाला तीत आपले दप्तर, आपली ग्रामसभा, आपला बिघडलेला पंप दिसल्यावाचून राहत नाही. आणि पुढच्या भागांत निवडणुकीचे राजकारण वाढले, गाव मात्र आटले, हे समीक्षकाच्या तोडीचे मतही तेथेच ऐकावयास मिळते. ‘ट्वेल्थ फेल’ हा २०२३ चा चित्रपट स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाहिला, तो करमणूक म्हणून कमी आणि स्वतःचा जमाखर्च म्हणून अधिक. ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिववर आली. हिंगोली ओलांडली की परभणी. तेव्हा ज्या वडीलधाऱ्यांनी १९७२ ते १९७४ या काळातील त्या हत्याकांडाच्या बातम्या वर्तमानपत्रांतून श्वास रोखून वाचल्या होत्या, त्यांनी ही मालिका पाहताना माणसे कशी बोलतात, लुगडे कसे नेसतात, वाडा कसा दिसतो यांची जी चिकित्सा केली असेल, ती मुंबईच्या समीक्षकाला साधणारी नव्हे.

ही सारी मते जातात कोठे, हा खरा प्रश्न आहे.

बाहेर पडणे आणि बोलणे

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक छोटेखानी पुस्तक लिहून या प्रश्नाला हात घातला होता. माल किंवा सेवा बिघडली, की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: एक, ती सोडून बाहेर पडणे, दुसरा, तेथेच राहून बोलणे. अर्थशास्त्राने पहिल्याकडे फार आणि दुसऱ्याकडे फार थोडे लक्ष दिले, असे त्याचे म्हणणे. त्याला हे सुचले ते नायजेरियातील रेल्वे पाहून. तेथे मालमोटारींची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारली नाही. उलट जे ग्राहक आरडाओरडा करून तिला सुधारावयास लावू शकले असते, तेच आधी मालमोटारींकडे निघून गेले. वाशीमच्या वाचकाला नायजेरियापर्यंत जावयास नको. ज्याला वेळेचे मोल आहे आणि ज्याचा आवाज डेपोपर्यंत पोहोचतो, तो मोटारसायकल घेतो. फलाटावर उरतात त्या म्हाताऱ्या बाया आणि शाळकरी मुले, त्यांनी कोणाकडे बोलावे?

ओटीटीच्या व्यवहारात बाहेर पडण्याची नोंद अत्यंत बारकाईने होते. कोणत्या मिनिटाला पाहणे थांबवले, कोणता भाग गाळला, कितव्या भागानंतर मालिका सोडली, हे सारे कंपनीला कळते. नेटफ्लिक्स नोव्हेंबर २०२१ पासून दर आठवड्याच्या पहिल्या दहांच्या याद्या प्रसिद्ध करते आणि डिसेंबर २०२३ पासून सहामाही अहवालही काढते. पण त्यांत मोजमाप तासांचे आणि आठवड्याच्या याद्यांतला सर्वांत लहान घटक देश. प्रेक्षकाने का सोडले, हे आकड्यात येत नाही. भाषा खोटी वाटली म्हणून, की चार माणसांत लावता येईना म्हणून, की रिसोडमध्ये त्या रात्री वीज गेली म्हणून? यंत्राच्या लेखी तिन्ही सारखेच.

शिवाय बाहेर पडण्याला वजन येते ते पैशामुळे. ज्याने रिचार्जबरोबर आलेली सेवा पाहिली, त्याने ती सोडली तरी कंपनीचा रुपयाही बुडत नाही. ज्याने टेलिग्रामवरून चोरीची प्रत उतरवून घेतली, तो तर मोजणीतच नाही. चोरी ती चोरीच, हे निराळे. पण तो आपले मतही त्याबरोबर गमावून बसतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. आणि एका घरात एकच बरा मोबाइल असतो. त्यावर सायंकाळी मुलगा क्रिकेट पाहतो, रात्री सून मालिका पाहते, पहाटे आजी कीर्तन ऐकते. कंपनीच्या दप्तरी हे तिघे मिळून एक चमत्कारिक अभिरुचीचा माणूस होतो.

भाषेची गोष्ट याहून गंभीर आहे. मराठीत मालिका थोड्या, म्हणून वाशीमचा प्रेक्षक हिंदी पाहतो. दक्षिणेकडील चित्रपटही तो हिंदी ध्वनिमुद्रणात पाहतो. यंत्र त्याला हिंदीचा प्रेक्षक ठरवून त्याच्यापुढे आणखी हिंदी मांडते. वर्षाअखेर हिशेब होतो, त्यात मराठीला मागणी कमी असल्याचे सिद्ध होते आणि म्हणून मराठीवरचा खर्च आखडता घेतला जातो. पुरवठा नाही म्हणून मागणी दिसत नाही, आणि मागणी दिसत नाही म्हणून पुरवठा नाही. प्लॅनेट मराठीसारखी केवळ मराठीची सेवा २०२१ मध्ये निघाली, हे धाडसच म्हटले पाहिजे. वस्तुतः ग्रामीण बोलीला गिऱ्हाईक नाही, ही समजूत २०१६ मध्येच ‘सैराट’ने मोडीत काढली होती. करमाळ्याकडच्या बोलीत बोलणाऱ्या त्या चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, आणि मराठीत असे पहिल्यांदाच घडले. पण त्या वेळी प्रेक्षक खिडकीवर तिकीट काढून आत गेला होता. त्याचे मत रोख होते.

रागावलेल्याचे ऐकले जाते

बोलण्याचा मार्ग अगदीच बंद आहे असे नव्हे. २५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी प्रत्येक ओटीटी सेवेला तक्रार निवारण अधिकारी नेमावयास आणि १५ दिवसांत तक्रारीचा निकाल द्यावयास सांगितले. नीतिसंहिता आणि त्रिस्तरीय रचना यांसंबंधीच्या उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली, ते असो. लक्षात घेण्याजोगे हे, की कायद्याने प्रेक्षकाचे जे एकमेव मत ओळखले, ते तक्रारीचे. जानेवारी २०२१ मध्ये ‘तांडव’विरुद्ध गदारोळ झाला, निर्मात्यांनी क्षमा मागितली आणि दृश्ये बदलली. जानेवारी २०२४ मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट नेटफ्लिक्सवरून काढून घेण्यात आला. भावना दुखावलेल्या माणसाला लखनौहून वा जबलपूरहून आपले म्हणणे मुंबईपर्यंत पोहोचविता येते. ज्याच्या भावना दुखावल्या नाहीत, ज्याला केवळ कंटाळा आला, किंवा ज्याला एखादी गोष्ट मनापासून आवडली, आणखी हवी वाटली, त्याला पाठविण्यासारखा अर्जाचा नमुना कोणत्याही नियमात नाही. अंगठा वर करण्याची सोय आहे खरी. त्या अंगठ्याला गावही नाही आणि कारणही नाही. साक्षरता मोहिमांनी अंगठा सोडवून सही शिकविली, तो काळ फार लांबचा नव्हे.

याचा फटका कोणाला बसतो, हे वऱ्हाडी बोलीच्या उदाहरणावरून दिसेल. छोट्या पडद्यावर वऱ्हाडी ऐकू येते ती बहुधा हशा पिकविण्यासाठी. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या कसलेल्या नटाने ‘चला हवा येऊ द्या’मधून ती घरोघर पोहोचविली, याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही, तक्रार आहे ती बाजाराने त्या बोलीला दुसरी जागाच ठेवली नाही याबद्दल. दुसरी जागा उरते ती आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराची. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) ही त्यातली उत्तम कृती, यात शंका नाही. पण हसू आणि प्रेत यांच्यामध्ये जे आयुष्य असते, म्हणजे वऱ्हाडीत चालणारी प्रेमप्रकरणे, वाटण्या, कचेरीतील डावपेच, पोहरादेवीच्या यात्रेला निघालेले बंजारा कुटुंब, कारंजाच्या बाजारातले व्यापारी, यांवर मालिका का निघू नये?

ज्या भूमीबद्दल हे लिहावे लागते, तिचा पूर्वेतिहास पाहिला की मौज वाटते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील सर्वसेन राजाने प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचले होते. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त लावून दिला, तो याच वत्सगुल्मात, आणि प्राकृतातील एका रचनाशैलीला या नगरावरूनच ‘वच्छोमी’ असे नाव पडले. अजिंठ्याचे सोळावे लेणे ज्याने दान दिले, तो वराहदेव वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री होता. म्हणजे निर्मिती दूर झाली तरी निर्माता येथला होता, आणि काय घडवावयाचे हे तो सांगू शकत होता.

इतके मागे जावयाचे नसेल, तर विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला पाहावे. वडसा येथे नाट्यमंडळ्यांची कार्यालये आहेत. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या गावोगावी रात्रभर नाटके होतात आणि लोक तिकिटे काढून ती पाहतात. गावाला नाटक रुचले नाही, तर पुढच्या वर्षी त्या मंडळीला बोलावणे येत नाही. रुचले, तर प्रयोगानंतर लोक नटाला गाठून कोणता प्रवेश लांबला हेही सांगतात. हर्शमनचे दोन्ही मार्ग तेथे एका मांडवाखाली नांदतात. ती नाटके फार उच्च दर्जाची असतात, असा दावा कोणी करू नये. पण ती ज्यांच्यासाठी आहेत, त्यांना विचारून झालेली असतात.

ओटीटी कंपन्यांकडून तशा मांडवाची अपेक्षा करता येणार नाही. हिशेबाची मात्र करता येईल. वर्तमानपत्रांच्या खपाची तपासणी १९४८ पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था करीत आली आहे, आणि तिच्या आकड्यांवर जाहिरातदार विसंबतात. दूरचित्रवाणीचे मोजमाप बार्क ही संस्था निवडक घरांत यंत्रे बसवून करते. २०२० मध्ये त्या आकड्यांत फेरफार झाल्याचा आरोप झाला, चौकशी झाली, वृत्तवाहिन्यांचे आकडे दीर्घकाळ थांबविले गेले. दोष निघाला तो मोजणारा बाहेरचा होता आणि त्याला जाब विचारता येत होता म्हणूनच. ओटीटीत दुकानदार तोच, तराजूही त्याचाच आणि वजन जाहीर करावयाचे की नाही हे ठरविणाराही तोच. कोणत्या भाषेतील काय, कोणत्या राज्यात आणि कोणत्या जिल्ह्यात किती पाहिले गेले, याचे तपासलेले आकडे वर्षातून एकदा प्रसिद्ध करण्याची सक्ती झाली, तर कोणाच्या खाजगीपणाला धक्का लागणार नाही आणि कोणत्याही निर्मात्याचे हात बांधले जाणार नाहीत.

वाशीमच्या बातम्यांसाठी वर्तमानपत्रे स्वतंत्र पान देऊ लागली, ती काही कोणाच्या कृपेने नव्हे. मानोऱ्याच्या वा मंगरूळपीरच्या विक्रेत्याकडे किती अंक गेले आणि किती न विकता परत आले, हे रोज सायंकाळी लिहिले जात होते, आणि ते कागद कोणीतरी वाचीत होते.