दरडीने अडवलेलं सरोवर

नकाशात ताजिकिस्तानचा पूर्व भाग काढा. पामीरच्या डोंगरांमध्ये एक लांबलचक, वळणावळणाची निळी पट्टी दिसेल. हे सारेझ सरोवर. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 3,250 मीटर, लांबी जवळजवळ 60 किलोमीटर, रुंदी मात्र जेमतेम. आकारावरूनच लक्षात येतं की ही मुळात नदीची दरी आहे, पाणी मागाहून भरलं.

18 फेब्रुवारी 1911 रोजी इथे मोठा भूकंप झाला. मुरगाब नदीच्या उजव्या काठावरचा डोंगर दरीत कोसळला, सुमारे 2 घन किलोमीटर! उसोय गाव त्याखाली गाडलं गेलं. नदी अडली, पाणी चढत गेलं आणि वरच्या अंगाचं सारेझ गाव बुडालं. बांधाला पहिल्या गावाचं नाव मिळालं, सरोवराला दुसऱ्याचं. हा बांध 550 मीटरहून उंच आहे. माणसाने बांधलेलं एकही धरण त्याच्या जवळपास जात नाही.

गंमत म्हणजे, आधी काय झालं यावर बराच वाद झाला. रशियन भूकंपशास्त्रज्ञ गोलित्सिन यांनी 1915 मध्ये मांडलं की दरड कोसळल्यामुळेच भूकंपमापकांवर हादरा नोंदला गेला. अँब्रेसिस आणि बिल्हम यांनी 2012 मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. भूकंपाची ऊर्जा दरडीच्या मानाने फारच मोठी निघाली. म्हणजे भूकंप आधी, दरड नंतर.

दरडीचे बांध बहुधा पाणी वरून वाहू लागलं की फुटतात. सारेझचं पाणी अजून माथ्यापर्यंत पोचलेलंच नाही. ते दगडांच्या फटींतून झिरपतं आणि खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. येणारं आणि जाणारं पाणी साधारण सारखं असल्यामुळे माथ्याखाली सुमारे 50 मीटर जागा शिल्लक राहते.

मला बांधापेक्षा उजव्या काठावरच्या अस्थिर उताराची धास्ती जास्त वाटते. तो एकदम पाण्यात घसरला तर उठणारी लाट बांध ओलांडू शकते. मागे सुमारे 16 घन किलोमीटर पाणी आहे, म्हणजे 16 लाख कोटी लीटर. खाली बारतांगची अरुंद दरी, पुढे पंज आणि मग अमू दर्या. म्हणून बांधावर पाण्याची पातळी आणि हालचाल मोजणारी यंत्रं बसवली आहेत, खालच्या गावांत भोंगे आहेत. भोंगा वाजला की बारतांगच्या लोकांनी सामानसुमान सोडून वर चढायचं.