नावाने शोधण्यास मनाई

अमेरिकेत गुन्ह्याच्या जागी पिस्तूल सापडलं की पोलिसांना आधी एवढंच हवं असतं: हे विकलं कोणी आणि घेतलं कोणी? त्याचं उत्तर शोधून देणारं कार्यालय साऱ्या देशात एकच आहे, वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावातलं नॅशनल ट्रेसिंग सेंटर. दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याचं हे केंद्र. अलीकडे वर्षाला सहा लाखांवर विचारणा इथे येतात.

बंदुकीवर कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला असतो. केंद्रातला कर्मचारी आधी कारखान्याला विचारतो, या नंबरचा माल कुठे गेला? कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो दुकानदाराचं. दुकानदार आवक-जावक वही उघडतो आणि गिऱ्हाइकाने भरलेला 4473 नंबरचा फॉर्म काढतो. त्यावर पहिल्या खरेदीदाराचं नाव-पत्ता मिळतो आणि माग तिथेच थांबतो. त्याने ती बंदूक पुढे एखाद्या खासगी माणसाला विकली असेल, तर केंद्रीय कायद्याने त्याची नोंद ठेवण्याचं बंधन नाही. सुटे भाग आणून घरी जोडलेल्या, नंबरच नसलेल्या पिस्तुलाचा तर मागच निघत नाही.

खरी कसोटी लागते ती दुकान बंद पडलेलं असलं की. अशा दुकानांची दफ्तरं कायद्याने मार्टिन्सबर्गला येतात, महिन्याला लाखोंच्या संख्येने. वेड्यावाकड्या अक्षरातल्या वह्या, फॉर्मचे गठ्ठे, भिजून चिकटलेली पानं. खोके इतके साचले, की इमारतीची जमीन भार पेलेल का अशी काळजी पडली आणि बरेचसे पार्किंगमध्ये मालवाहू कंटेनरांत ठेवावे लागले. आता पानं स्कॅन होतात, पण ती नुसती छायाचित्रं म्हणून. नाव टाकून शोधायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. कर्मचारी बंद दुकानाची फाइल उघडतो, विक्रीच्या तारखेचा अंदाज बांधतो आणि पडद्यावर एकेक पान पुढे सरकवत नंबरवर नजर ठेवतो. 2021 अखेर अशा नोंदी नव्वद कोटींच्या वर होत्या. तातडीची विचारणा साधारण दिवसभरात निकाली काढतात, एरवी बरेच दिवस जातात.

हे असं का, याचं उत्तर राजकारणात आहे. 1963 मध्ये अध्यक्ष जॉन केनेडींवर गोळ्या झाडलेली रायफल शिकागोच्या दुकानातून खोट्या नावाने टपालाने मागवलेली होती. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी मारले गेले आणि त्याच वर्षी गन कंट्रोल अॅक्ट झाला. दुकानदाराने ठेवायच्या नोंदींचे नियम कडक झाले. अध्यक्ष जॉन्सन यांना प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि प्रत्येक मालकाला परवाना हवा होता. काँग्रेसने ते दोन्ही नाकारलं, आणि सही करतानाच त्यांनी त्याबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली.

पुढे 1977 मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात हार्लन कार्टर यांच्या गटाने नॅशनल रायफल असोसिएशन ताब्यात घेतली. 1871 पासून नेमबाजी शिकवणारी ही संस्था तिथून कडवी राजकीय ताकद झाली. 1979 पासून खर्चाच्या विधेयकात नोंदी एकत्र करायला पैसे न देण्याचं कलम येऊ लागलं. 1986 च्या कायद्याने बंदूकमालकांची केंद्रीय यादी करण्यावरच बंदी घातली. 2003 मध्ये कॅन्ससचे खासदार टॉड टिआर्ट यांच्या दुरुस्तीने मागाची माहिती बाहेर देण्यावर बंधनं आणली.

मालकांची भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. आज यादी झाली तर उद्या जप्ती होईल, असं त्यांना मनापासून वाटतं. शस्त्र बाळगणं हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2008 च्या हेलर खटल्यात मान्य केलं. सरकारकडे सगळ्यांची नावं असू नयेत, हा आग्रह मला समजतो.

पण गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा नंबर शोधणं आणि नागरिकांची यादी करणं, या दोन गोष्टी सरसकट एक मानल्या जातात, आणि इथे माझं या मालकांशी पटत नाही. नंबर टाकला तर तेवढं एकच पान उघडावं, नावाने शोध घेता येऊ नये, कोणी कधी काय उघडलं याची नोंद न्यायालयासमोर राहावी. असं यंत्र बनवणं अवघड नाही. ज्याचं मूल रस्त्यावर गोळी लागून गेलं, त्याला पान उलटण्याच्या वेगावर का थांबवायचं?

वॉशिंग्टनमध्ये मात्र ओढ दोन्ही टोकांना आहे. टेक्ससचे रिपब्लिकन खासदार मायकेल क्लाउड यांनी 2022 मध्ये मांडलेल्या विधेयकात बंद दुकानांच्या या नोंदी नष्टच करायचं सुचवलं होतं. डेमोक्रॅटिक बाजूला त्या संगणकावर शोधता याव्यात असं हवं आहे. दोन्हींपैकी एकाचाही कायदा झालेला नाही. एटीएफने त्याच वर्षी केलेल्या नियमाने, पूर्वी वीस वर्षांनी टाकून देता येणारे फॉर्म दुकान चालू असेपर्यंत जपणं दुकानदारांना सक्तीचं झालं. म्हणजे दुकान बंद झाल्यावर मार्टिन्सबर्गला येणारा गठ्ठा आता अधिकच मोठा असेल.